विमलचे वाकडे टाके

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी सौसरला माझ्या घरी, मागच्या खोलीत जुनी लुगडी पसरून बसले होते. दर दोन महिन्यांनी ती उघडून घड्या बदलून ठेवावी लागतात, नाहीतर कापड घडीवरच तुटतं. हात कामात होते म्हणून फोन खांद्याशी दाबून धरला. पलीकडे सुधीर होता, विमलचा मुलगा. "मावशी, आई गेली जी... सकाळी," एवढंच बोलला. पंचवीस वर्षांची मैत्रीण गेली होती, मला रडू यायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मनात पहिला विचार आला तो असा, की ते करवतीकाठी लुगडं आता कोणाकडे जाणार? रडू त्यानंतर आलं. हे लिहायला लाज वाटते. पण आता पाच आठवडे झाले आहेत, आणि या पाच आठवड्यांत विमलबद्दल जो तो इतकं गोड बोलून गेला आहे की कोणीतरी खरंही सांगायला हवं. मी तिच्यावर जळत होते. ती होती तोवर रोज, आणि खरं तर अजूनही.

जुन्या लुगड्यांचा लिलाव होतो हे आमच्या भागात सांगितलं की लोक आधी हसतात. पण होतो. मुंबईत लिलावघरं आहेत, तिथं जुनी नाणी, जुनी चित्रं विकली जातात तशीच जुनी हातमागाची वस्त्रंही विकली जातात. त्यांची गुळगुळीत कागदावर छापलेली यादी निघते, प्रत्येक वस्त्राला नंबर असतो, फोटो असतो, खाली माहिती असते. त्या यादीत मधली काही वर्षं 'श्रीमती विमल, पांढुर्णा, यांच्या संग्रहातून' असं छापून येत असे. आणि त्याखालची माहिती, म्हणजे काठ कुठला, वीण कशी, रंग कशाचा, ही सगळी लिहिलेली असे मी. माझं नाव कुठंच नसे. जो मालक त्याचंच नाव छापायचं, असा त्यांचा नियम होता. मला तो नियम पाठ होता आणि तरी दर वेळी यादी आली की मी शेवटच्या पानापर्यंत आपलं नाव शोधत असे.

त्यात मी कोष्ट्याची मुलगी. सौसरच्या आमच्या आळीत माझ्या लहानपणी दारादारातून मागाचा आवाज येत असे. बाबा करवतीकाठी लुगडी विणत. अंग सुती, काठ टसरचा, आणि काठाच्या आतल्या बाजूला करवतीच्या दातांसारखी नक्षी. त्याला आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक, आणि जिथं काठ नि अंग भेटतात तिथं दर ओळीला धागे एकमेकांत अडकवावे लागतात. आळीतल्या सगळ्या घरांचा माल एकाच शेठकडे जाई, म्हणून कोणाचं लुगडं कोणतं ते कळायला प्रत्येक घराची एक खूण असे. पदर संपला की मोकळ्या दशा सुटण्याआधी अर्ध्या बोटाच्या जागेत रंगीत धागे टाकायचे. तेही असे टाकायचे की सुलट बाजूनं नुसते ठिपके दिसावेत, खूण उलट बाजूलाच वाचता यावी. आमच्या घरची खूण होती दोन हिरवे, एक पिवळा, दोन हिरवे. बाबा म्हणायचे, "कपडा पहिले उलटा करून पाहावं, पोरी. सुलटा तं कोणीबी पाह्यते." पुढं माग बंद पडले आणि बाबा शाळेत चपराशी लागले. मागावरचं शेवटचं लुगडं त्यांनी आईसाठी विणलं होतं, दिसायला आळीतल्या इतर लुगड्यांसारखंच. आई गेल्यावर सामान आवरताना माझ्या वहिनीनं ते जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात बांधून भांडेवालीला देऊन टाकलं आणि त्यावर स्टीलचा डबा घेतला. तो डबा अजून आहे. भावाकडे गेले की मला त्यातलेच पोहे मिळतात. शाळेत इतिहास शिकवता शिकवता मी जुनी लुगडी गोळा करायला लागले ती छंद म्हणून नव्हे. ते, नाहीतर बाबांच्या खुणेचं एखादं तरी लुगडं कुठं ना कुठं सापडेल म्हणून.

विमल मला भेटली ती मी शिकवत असे त्या मुलींच्या शाळेत, लस टोचायच्या दिवशी. ती सरकारी नर्स होती, खेड्यापाड्यांत फिरून बाळंतिणींची, लेकरांची कामं करणारी. माहेर रामाकोन्याचं, आईबाप दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणारे, घर बौद्ध. स्वतःच्या हिमतीवर शिकून नोकरीला लागलेली, पांढुर्ण्यात दोन खोल्या बांधून राहणारी. त्या दिवशी मी शाळेच्या प्रदर्शनासाठी एक जुनं लुगडं टेबलावर मांडलं होतं, वर माझ्या अक्षरात कार्ड. मुलींच्या रांगेतून मोकळी झाल्यावर विमल तिथं आली, हात धुतले, पुसले, आणि मी नको म्हणायच्या आत लुगड्याचा मधला भाग उचलून गालाला लावला. "पोटुशी बाई नेसत होती हे," ती म्हणाली. मी जरा हसूनच विचारलं, हे कसं कळलं तुला? "पोटावरची जागा विरून गेली आहे पाहा. घडीवरची नाही विरली. अन् साबण नाही लागला याले, रिठ्यानं धुतलं आहे." ज्या बाईनं मला ते लुगडं दिलं होतं तिला मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन विचारलं. तिच्या सासूचं लुगडं, सासूची नऊ बाळंतपणं त्याच लुगड्यात झालेली, घरात रिठ्याचं झाड. मी कार्ड काढून टाकलं आणि नवं लिहिलं. माझं जळणं सुरू झालं ते तिथून.

विमलनं जमवलेली सगळी लुगडी बाळंतपणाच्या घरांतून आलेली होती. आमच्याकडे बाईचे दिवस भरत आले की घरातली म्हातारी पेटीच्या तळातून जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं काढते आणि त्याचे फाडून तुकडे करते, येणाऱ्या लेकराच्या लंगोटांना नि दुपट्यांना. हातमागाची किती लुगडी अशी संपली असतील त्याला हिशेब नाही. विमल तपासायला गेली की म्हातारीच्या हातातलं लुगडं पाहायची आणि म्हणायची, "थांब वं माय, हे नको फाडू." मग आपल्या थैलीतून फलालीनचे स्वच्छ उकळलेले तुकडे काढून द्यायची, एकाच्या जागी दोन, आणि लुगडं मागून घ्यायची. पदराच्या कोपऱ्याला एक चिठ्ठी टाके घालून शिवायची आणि त्यावर घराचं नाव लिहायचं, हा तिचा रिवाज होता. 'बोरकरांचे घर, तिगाव'. 'पार्वताबाईचे घर, रामाकोना'. पुढं लिलावात ते विकलं गेलं तर ती स्वतः त्या घरी जाऊन वाटा देऊन यायची, आणि त्या वेळी जन्मलेल्या लेकराला मांडीवर घेऊन बसायची. मी गावोगावी ओळखीच्या शिक्षकांची पत्रं घेऊन जात असे, ओट्यावर बसून इतिहास समजावून सांगत असे, आणि बायका मला चहा पाजून हातात काही न देता वाटेला लावत. विमलला लोक पेटी उघडून देत. यात माझा काय दोष होता ते मला कधी कळलं नाही.

तिचं एकच काम वाईट होतं, ते म्हणजे शिवण. चिठ्ठीला घातलेले तिचे टाके जाड, तिरपे, एक इकडे तर एक तिकडे. मी ते उसवून बारीक टाके घालत असे आणि तिला ऐकू जाईल असं म्हणत असे, जखमा शिवून शिवून हात बिघडला तुझा. ती हसायची. "जखम बुजली म्हणजे झालं नं ताई. टाके कोण पाह्यते मंग?" मला मात्र बरं वाटायचं. निदान एका गोष्टीत मी वरचढ होते.

आमची कामाची वाटणी आपोआप झाली. गालाला लावून पारखायचं ते तिनं, उलट करून पाहायचं नि लिहायचं ते मी. रविवारी सकाळच्या गाडीनं मी पांढुर्ण्याला जायची. तिच्या दारात साबण आणि पाण्याची बादली ठेवलेली असे, कारण संत्र्याच्या दिवसांत गावातल्या सगळ्यांच्या हाताला सालीचं तेल असतं आणि त्याचा डाग कापडावरून जात नाही. "संत्र्याचे हात धुऊन या जी," असं ती कलेक्टरनं पाठवलेल्या पाहुण्यालाही सांगायची. बुद्धाच्या तसबिरीखाली पांढरी चादर अंथरलेली, त्यावर लुगडी, आणि दोन्ही बाजूंना आम्ही दोघी. अशा एका रविवारी मी बाबांच्या मागाबद्दल, त्या खुणेबद्दल, हरवलेल्या लुगड्याबद्दल सांगत होते. शंभरदा सांगून झालेलं होतं, पण ती दर वेळी ऐकायची. त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले. आमच्या रक्तातच कापड आहे, वगैरे. विमल लुगड्यावर हात फिरवत होती, मान वर न करता म्हणाली, "माह्या आजीची आई सूत कातत होती. सौसरच्या कोष्ट्याइले नेऊन विकत होती म्हणते. तुमच्याच घरी विकलं असन, कोणाले मालूम." मग काठावर बोट ठेवून, "तुमचं बरं आहे ताई. तुमच्या बाबाची खूण तरी कपड्यात आहे. सुताले कोणाचं नाव नाही राहत." आमच्या घरात कापड पिढ्यान्‌पिढ्या होतं असं मी अभिमानानं सांगत होते, आणि ते सूत कातणारं घर माझ्यासमोर मांडी घालून बसलं होतं. मला तिची कीव यायला हवी होती किंवा माझी लाज. आली ती चीड. एवढं एक आपलं म्हणून राहिलं होतं, त्यातही हिचा वाटा निघाला.

मग मुंबईच्या लिलावघरातून एक बाई आल्या. विमलच्या संग्रहातली बारा लुगडी एकत्र विकायला काढायची असं ठरत होतं. मी आठवडाभर बसून बारांची टिपणं टाइप करून घेतली होती. बाईंनी पानं उलटली, "छान आहे" म्हणाल्या, आणि विमलकडे वळल्या. "हे तुम्ही गालावरून कसं ओळखता, मला शिकवा ना." मग दोन तास त्या दोघी चादरीवर बसून एकेक लुगडं गालाला लावत होत्या आणि मी चहा करत होते, माझ्या घरी नाही, तिच्या घरी. शेवटी यादीसाठी फोटो काढायचा होता. विमल मध्ये बसली. लुगडं लांब, दुसरं टोक धरायला कोणी तरी हवं. मी धरलं. त्या छापील यादीत विमलचा फोटो आहे, हसरा, आणि कडेला लुगड्याचं टोक धरलेले दोन हात आहेत. ते हात माझे.

बाई गेल्या. जाताना एक फॉर्म ठेवून गेल्या, त्यात लिहिलं होतं की वस्त्रांच्या कडा नीट करून पाठवाव्यात. दुसऱ्या दिवशी विमलला तिगावच्या एका बाळंतिणीचं बोलावणं आलं. तेव्हा ती निवृत्त झाली होती, तरी बोलावणं आलं की जायची. घरात मी एकटी, समोर बारा लुगडी, आणि डोक्यात ते दोन हात. मी कात्री घेतली. पदराच्या टोकाला लोंबणाऱ्या दशा, मळलेल्या, गाठी पडलेल्या. सरळ रेघ मारून दशांसकट दोन दोन बोटं कापत गेले आणि उरलेली कड आत दुमडून शिवून टाकली. इतके बारीक टाके घातले की मुंबईच्या बाईंनाही भिंग लागावं. मनात एकच होतं, की तिच्या गालानं जे ओळखलं असेल ते असो, नीटनेटकं मी केलं. संध्याकाळी विमल आली. कापलेल्या चिंध्यांचा ढीग पाहून क्षणभर उभी राहिली. "कापलं काहून ताई?" मी फॉर्म दाखवला. तिनं चिंध्या गोळा करून थैलीत भरल्या. तिची आई जन्मभर कापूस वेचायला जायची, त्यामुळं सुताचा तुकडाही टाकायचा नाही ही तिची सवय मला माहीत होती.

लिलाव मोबाइलवर दिसतो. त्या दिवशी आम्ही दोघी तिच्या खोलीत बसून पाहत होतो. बारांतलं सगळ्यात सुंदर लुगडं होतं लाल अंगाचं, करवती काठाचं, तिगावच्या एका घरातून विमलनं वाचवून आणलेलं. यादीच्या मुखपृष्ठावर त्याचाच काठ छापला होता. त्यावर मी दीड पान लिहिलं होतं, माझं सगळ्यात चांगलं टिपण, अजूनही मला तसंच वाटतं. नंबर पुढं सरकत होते. त्या लुगड्याचा नंबर आला आणि पडद्यावरच्या माणसानं सांगितलं की हे वस्त्र मालकांनी परत घेतलं आहे. पुढचा नंबर. मी विमलकडे पाहिलं. ती पडद्याकडे पाहत होती. "तू परत मागवलंस?" "हाव." "काहून?" ती म्हणाली, "मन नाही झालं." एवढंच! मग मी जे बोलले ते इथं सगळं लिहीत नाही. तुला सगळंच पाहिजे, नाव पण तुझं, फोटो पण तुझा, आणि सगळ्यात चांगलं कापड पण तुलाच ठेवायचं, असं काहीसं बोलले. माझं दीड पान वाया गेलं, हेही बोलले. तिनं ऐकून घेतलं. शेवटी फक्त म्हणाली, "पाणी प्या ताई." मी न पिता उठले आणि दुपारच्या बसनं सौसरला आले.

त्यानंतर रविवार बंद झाले. दिवाळीला, बुद्धपौर्णिमेला फोन, तब्येत कशी, बरी आहे, एवढंच. मधल्या काळात कोणी कोणी सांगत यायचं, विमलबाईनं ते लाल लुगडं कपाटात ठेवलं आहे, कोणालाच दाखवत नाही. मी म्हणायची, ठेवू दे. आणि रात्री पडल्या पडल्या त्या काठाचे दात मोजत बसायची. त्या लुगड्यात माझा जीव का इतका अडकला होता ते मला तेव्हा कळत नव्हतं. वाटायचं, ते तिच्याकडे आहे म्हणून.

शेवटची भेट नागपूरच्या दवाखान्यात झाली. सुधीर कळवत होता की ती आठवण करून राहिली आहे, म्हणून गेले. खूप वाळली होती. मी जवळ बसले तशी तिनं माझा पदर दोन बोटांत धरला, पूर्वी धरायची तसाच, आणि डोळे मिटूनच म्हणाली, "पॉलिस्टर... शरम नाही वाटत कोष्ट्याच्या पोरीले." मी हसले. ती पण. मग तिचा श्वास संथ झाला, मला वाटलं झोपली. निघायला उठले तेव्हा तिनं पदर सोडला नाही. "ताई, आता कपडा हातात आला तं पहिले उलटा करून पाहजा." बस्स. मी हो म्हणाले, आणि परतीच्या वाटेवर आत आत धुमसत राहिले. माझ्या बाबांचं वाक्य, मीच तिला सांगितलेलं, आणि मरणाच्या दारातून ही मलाच शिकवते! त्या रागात तिच्या तोंडावरून हात फिरवायचाही राहून गेला. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं मनाशी म्हटलं होतं. पुढच्या आठवड्यात सुधीरचा फोन आला.

पांढुर्ण्याला पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले तेव्हा दारात बायकांची गर्दी होती, तिगाव, रामाकोना, कुठून कुठून आलेल्या. त्यांतल्या निम्म्यांची लेकरं विमलच्या हातची. दाराशी साबण आणि बादली तशीच ठेवलेली, बायका हात धुऊन आत येत होत्या. एकेक उठून बोलत होती. मला बोलायला सांगितलं तर मी मान हलवून नको म्हटलं. सगळे गेल्यावर सुधीरनं कपाट उघडलं आणि पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. लाल लुगडं. पदराच्या कोपऱ्याला चिठ्ठी शिवलेली, तिच्या जाड टाक्यांनी. तिगावच्या घराचं नाव असेल म्हणून मी वाचली. त्यावर लिहिलं होतं, 'मालतीताईचे घर, सौसर'.

मालती म्हणजे मी. मला वाटलं, जाताना मला देऊन गेली, दान दिल्यासारखं, आणि तेवढ्यातही मला राग आला. मग दिसलं की पदराची कड मी दुमडली होती तशी नव्हती. माझे बारीक टाके उसवलेले होते आणि टोकाला दशांसकट एक पट्टी परत जोडलेली होती. मीच कापलेली पट्टी. जोडाचे टाके जाड, तिरपे, एक इकडे, एक तिकडे. दवाखान्यातलं तिचं बोलणं आठवलं आणि मी पदर उलटा केला.

दोन हिरवे. एक पिवळा. दोन हिरवे.

सुधीर सांगत होता, मला ते नीट ऐकूही येत नव्हतं. लुगडी मुंबईला रवाना झाल्यावर एक दिवस ती चिंध्या वेगळ्या करत बसली होती, दिवे करायला वाती काढाव्या म्हणून, आणि एकदम उठून मुंबईला फोन लावायला लागली. "मी म्हटलं आईले, देऊन टाक नं मावशीले. तं म्हणे, कसं देऊ? दिलं तं तिले समजन की बापाची खूण तिनं सोताच्याच हातानं कापली. अन् ते पण न पाहता. ते नाही सहन व्हायचं तिले. म्हणे, बोलते तं बोलू दे मले. मी गेल्यावर देजो." मी विचारलं, इतकी वर्षं? तो म्हणाला, "तिनं दोन-तीन खेप काढलं होतं बाहेर. तुमी येणार म्हणून. तुमी आल्याच नाही."

घरी येऊन मी ती जुनी यादी काढली. मुखपृष्ठावर बाबांचा काठ. आत माझं दीड पान. धाग्यांची जात, रंगाचा स्रोत, करवतीच्या दातांची घडण, सगळं बिनचूक. आणि शेवटच्या ओळीत, माझ्याच शब्दांत, 'विणकर : अज्ञात'. जिच्यासाठी मी अर्धं आयुष्य दारं ठोठावली ती वस्तू माझ्या हातात होती, मी तिची तारीफ लिहिली, तिची खूण कापून टाकली आणि खाली लिहून दिलं की हिचा कर्ता कोण ते माहीत नाही. टिपण लिहिताना मी काठच उलटून पाहिला होता, गाठी पडलेलं पदराचं टोक नाही, आणि कापलं त्या दुपारी माझ्या डोळ्यांपुढं लुगडं नव्हतंच, विमलचा फोटो होता. रडले, पुष्कळ रडले. पण रडून झाल्यावर जे उरलं ते पुन्हा तेच. माझ्या बाबांची खूण माझ्याआधी तिनं वाचली. चिंध्यांच्या ढिगात वाचली. इतकं सांभाळलं तिनं मला, आणि मला त्या सांभाळण्याचाही हेवा वाटतो, मला कोणासाठी असं गप्प राहता आलं नसतं.

परवा मुंबईच्या बाईंचा फोन आला. विमलच्या आठवणीत एक लिलाव करायचा आहे, ते लाल लुगडं मिळेल का, म्हणत होत्या. कापून जोडलेली कड चालेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, जोड उसवून सफाईदार करून घेता येईल, आमच्याकडे माणसं आहेत. मी म्हटलं, सफाईदार मलाही येतं. फोन ठेवला आणि चष्मा लावून, सुई घेऊन बसलेच. दोन टाके उसवले. तिसऱ्यापाशी हात चालेना. उसवलेले दोन मी माझ्या हातानं परत घातले, बारीक, सरळ, आणि आता त्या ओळीत तेच दोन खुपतात.

लुगडं मागच्या खोलीत, खिडकीपासून दूर ठेवलं आहे, पदर उलटा करून. पाहायला येणाऱ्याला मी दारात हात धुवायला लावते. शेजारी कार्ड ठेवायचं म्हणून लिहायला बसले. विणकर, यापुढं बाबांचं नाव लिहिलं. सूत, यापुढं थांबले, आणि लिहिलं, कोणाचं ते कळत नाही, विमलच्या आजीच्या आईचं असू शकेल. बाबांच्या काळात सूत गिरणीचं येत होतं हे मला चांगलं ठाऊक आहे, इतिहासाची शिक्षिका आहे मी, तरी लिहिलं. त्याखाली, टाके : विमल, पांढुर्णा. कार्ड टेकवून ठेवलं. मग परत उचललं, टाके या शब्दाच्या आधी 'वाकडे' असं लिहिलं, खोडलं... आणि पुन्हा लिहिलं.